यंत्रांची मूळ नोंदवही व तिला बाहेरील माहितीची जोड

विद्यार्थिमित्रहो, आपल्या शाळेच्या कचेरींत किती वह्या आहेत हें तुम्हीं कधीं मोजून पाहिलें आहे काय? जनरल रजिस्टर, प्रत्येक वर्गाचें हजेरीपत्रक, फीचें खातें, ग्रंथालयाची देवघेवीची वही, प्रयोगशाळेच्या सामानाची यादी, डेड स्टॉक रजिस्टर. शिवाय वसतिगृह असेल तर तेथील वह्या निराळ्याच. प्रत्येक वही आपल्या जागीं खरी असते. तथापि एखादा मुलगा मध्येंच शाळा सोडून जातो, जनरल रजिस्टरांत त्याच्या नांवापुढें तशी नोंद होते, आणि ग्रंथालयाच्या वहींत मात्र तो पुढें दोन वर्षें दोन पुस्तकें घेऊन बसलेला असतो; कारण ग्रंथपालांस कोणी कळविलेलें नसतें. एका वहीची खबर दुसऱ्या वहीस कशी पोंचावी, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु तो न सुटल्यामुळें कोट्यवधि माणसांची हानि झाल्याचें उदाहरण आपल्याच काळांत घडलें आहे. तें पुढें ओघानें येईलच.

प्रस्तुत लेखाचा विषय मुलांची नव्हे, तर संगणकांची नोंदवही हा आहे. इंग्रजींत तिला 'कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट डेटाबेस' असें लांबलचक नांव असून, त्या धंद्यांतील लोक आद्याक्षरें घेऊन तिला 'सीएमडीबी' म्हणतात. आपण सोयीसाठीं तिला 'मूळ नोंदवही' म्हणूं.

ही वही कशाची?

एखादी मोठी बँक किंवा इस्पितळ घ्या. त्याच्या कामास शेंकडों, प्रसंगीं हजारों संगणक लागतात. कांहीं टेबलावर दिसतात. पुष्कळसे दूरच्या थंड खोल्यांत रात्रंदिवस चालू असतात, त्यांस सर्व्हर म्हणतात. त्यांवर नाना प्रोग्रॅम चालतात, आणि एक प्रोग्रॅम दुसऱ्यावर अवलंबून असतो. शिवाय त्यांना जोडणारीं उपकरणें, मुदतीचे परवाने, आणि समोरचा सर्व्हर तोच आहे अशी ग्वाही देणारीं डिजिटल प्रमाणपत्रें असतात. मूळ नोंदवहींत अशा प्रत्येक घटकाचें एक पान असतें. त्या पानावर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: घटक कोणता, तो कसा आहे, आणि तो कोणाशीं बांधलेला आहे. यांपैकीं तिसरी सर्वांत मोलाची. डेड स्टॉक रजिस्टर सांगेल कीं, आपल्याकडे चाळीस संगणक आहेत. मूळ नोंदवही सांगते कीं, अमुक सर्व्हर बंद पडला तर औषधांची खिडकी बंद पडेल, आणि त्याची देखभाल अमुक माणसाकडे आहे.

ही कल्पना एका दिवसांत जन्मली नाहीं. विमानें व क्षेपणास्त्रें यांच्या असंख्य भागांत केव्हां कोणता बदल झाला याचा हिशेब राहावा, म्हणून अमेरिकेच्या लष्करी खात्यानें १९५० नंतर 'कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट' या शिस्तीचा पाया घातला. पुढें ब्रिटिश सरकारच्या एका मध्यवर्ती संगणक-संस्थेनें संगणकांची सेवा नीट कशी चालवावी याविषयीं एक ग्रंथमाला काढिली. 'आयटिल' या नांवानें ती प्रसिद्ध असून तिचे पहिले ग्रंथ १९८९ सालीं निघाले. मूळ नोंदवहीचा प्रसार मुख्यत्वें या ग्रंथमालेमुळें झाला. २००७ सालच्या तिसऱ्या आवृत्तींत तर, सर्व माहिती एकाच वहींत कोंबण्याऐवजीं अनेक वह्या एकमेकींस जोडून त्यांचा एक समूह करावा, ही दृष्टि स्पष्टपणें मांडिली गेली.

बाहेरची माहिती कां जोडावी?

कारण असें कीं, यंत्रांविषयींची बहुतेक खबर मूळ नोंदवही लिहिणाऱ्याजवळ नसतेच. यंत्र केव्हां, किती किंमतीस घेतलें व त्याची हमी केव्हां संपते, हें खरेदी खात्यास ठाऊक. त्याचा ताबा ज्याच्याकडे आहे तो माणूस अद्याप नोकरींत आहे कीं सोडून गेला, हें नोकरवर्गाच्या खात्यास ठाऊक. यंत्र या क्षणीं चालू आहे काय व त्यावर कोणते प्रोग्रॅम आहेत, हें जाळ्यांतून फिरून प्रत्येक यंत्रास विचारणाऱ्या 'शोधक' प्रोग्रॅमला ठाऊक. दुसऱ्या कंपनीकडून भाड्यानें घेतलेले संगणक तर सकाळीं निर्माण होतात व संध्याकाळीं नाहींसे होतात. त्यांची खरी यादी त्या कंपनीकडेच असते. हें सर्व हातानें उतरवून घेऊं म्हटलें, तर वही पहिल्या दिवशीं सुबक दिसते, महिन्याभरानें संशयास्पद होते, आणि वर्षानें तिच्याकडे कोणी पाहत नाहीं. म्हणून त्या त्या खात्याच्या वहीशीं मूळ नोंदवहीची कायमची सांगड घालावी लागते.

सांगड नसेल तर काय होतें?

अमेरिकेंत इक्विफॅक्स नांवाची कंपनी आहे. कोणी किती कर्ज घेतलें, तें वेळेवर फेडलें कीं नाहीं, अशी कोट्यवधि लोकांची माहिती ती ठेवते. ७ मार्च २०१७ रोजीं, संकेतस्थळें बांधण्याच्या कामीं येणाऱ्या 'अपाचे स्ट्रट्स' या साहित्यांतील एक घातक दोष जाहीर झाला. त्यावरील दुरुस्तीही उपलब्ध झाली. दुसऱ्याच दिवशीं सरकारी सुरक्षा-विभागानें इशारा दिला. ९ मार्चला कंपनींत पत्र फिरलें कीं, ज्यांच्याकडे हें साहित्य असेल त्यांनीं ४८ तासांत दुरुस्ती बसवावी. येथपर्यंत सर्व यथासांग झालें. परंतु अमेरिकन काँग्रेसच्या हिशेबतपासणी कचेरीनें २०१८ सालच्या अहवालांत नमूद केलें आहे कीं, ज्या यादीवरून तें पत्र धाडलें ती यादीच जुनी होती. दुरुस्ती बसविणें ज्यांचें काम, त्यांच्या हातीं पत्र पडलेंच नाहीं. पुढील आठवड्यांत तपासणी करणारा प्रोग्रॅम जाळ्यावर फिरविला, तोही ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या संकेतस्थळावरील दोष हुडकूं शकला नाहीं. मेच्या मध्यापासून चोर त्याच वाटेनें आंत शिरले. आंतबाहेर जाणाऱ्या गुप्तलिपींतील मजकुरावर नजर ठेवणारें एक उपकरण होतें; पण त्याचें डिजिटल प्रमाणपत्र कित्येक महिन्यांपूर्वींच मुदतबाह्य झाल्यामुळें तें आंधळें झालें होतें. २९ जुलैला नवें प्रमाणपत्र बसविलें, आणि त्याबरोबर संशयास्पद हालचाल दृष्टीस पडली. तोंपर्यंत सुमारें १४ कोटी ८० लक्ष माणसांचीं नांवें, जन्मतारखा व सरकारी ओळख-क्रमांक यांसारखी खाजगी माहिती परक्यांच्या हातीं गेली होती. जन्मतारीख कोणास बदलून घेतां येत नाहीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या हानीचा अर्थ कळतो.

इशारा होता, दुरुस्ती होती, हुकूम होता, तपासणीचें साधनही होतें. २०१९ सालीं अमेरिकन सेनेटच्या एका उपसमितीनें मात्र असा निष्कर्ष काढिला कीं, कंपनीजवळ आपल्या संगणक-साहित्याची पूर्ण यादीच नव्हती. तीन धागे तुटलेले होते: कोणत्या सर्व्हरवर कोणतें साहित्य, कोणत्या सर्व्हरची जबाबदारी कोणत्या माणसावर, आणि कोणत्या उपकरणाचें प्रमाणपत्र कोणत्या तारखेस संपतें. हे धागे जुळलेले असते तर चोरी टळलीच असती, असें छातीठोकपणें म्हणतां येणार नाहीं. परंतु पत्र योग्य हातीं पडलें असतें, आणि दोन महिने कोणाच्याही नकळत दार उघडें राहिलें नसतें, इतकें तरी म्हणतां येईल.

जोडण्याच्या रीती

सांगड दोन प्रकारांनीं घालतात. पहिला प्रकार, बाहेरची माहिती आणून मूळ नोंदवहींत उतरविणें. दुसरा, माहिती जेथें आहे तेथेंच राहूं देऊन मूळ पानावर केवळ तिची खूण ठेवणें. मुलानें कोणतीं पुस्तकें नेलीं हें जनरल रजिस्टरांत लिहिण्याचें कारण नाहीं. ग्रंथालयाच्या वहींत त्याचा रजिस्टर नंबर असला म्हणजे हवें तेव्हां तेथें जाऊन पाहतां येतें. ज्या गोष्टीनें घटक ओळखला जातो व ज्या गोष्टीवर दुसरे घटक अवलंबून असतात, ती मूळ नोंदवहींत आणावी. उरलेली जागच्या जागीं राहूं द्यावी. सर्वच आणूं गेल्यास वही फुगते आणि शिळी होते. निरनिराळ्या कंपन्यांनीं बनविलेल्या वह्यांस परस्परांशीं बोलतां यावें, म्हणून २००९ सालीं 'डिस्ट्रिब्युटेड मॅनेजमेंट टास्क फोर्स' या संस्थेनें एक सामाईक नियमावली प्रसिद्ध केली. बाहेरच्या वहीनें आपण होऊन वर्दी द्यावी, किंवा मूळ वहीनें जाऊन विचारावें, असे दोन्ही मार्ग तींत दिलेले आहेत.

ध्यानांत ठेवण्याचे सहा नियम

पहिला नियम: कोणत्या बाबतींत कोणाचा शब्द प्रमाण, हें आधीं ठरवावें. किंमतीविषयीं खरेदी खात्याचा, चालू प्रोग्रॅमांविषयीं शोधकाचा, जबाबदार माणसाविषयीं नोकरवर्गाच्या खात्याचा. एकच वही सर्व बाबतींत शहाणी, असें कधीं नसतें. आणि चूक आढळली तर ती जेथून आली तेथेंच सुधारावी. केवळ मूळ नोंदवहींत खाडाखोड केली, तर पुढच्या खेपेस तीच चूक पुन्हा उतरून येते.

दुसरा नियम: ओळख पक्की करावी. संगणकाचें नांव बदलतां येतें. त्याचा जाळ्यांतील पत्ता पुष्कळ ठिकाणीं वेळोवेळीं नवा मिळतो. कारखान्यानें घातलेला अनुक्रमांक टिकतो. पण भाड्याच्या संगणकास असा अनुक्रमांक नसेल, तेथें भाड्यानें देणाऱ्यानें दिलेला ओळख-क्रमांक घ्यावा लागतो. म्हणून एकाच खुणेवर न विसंबतां दोन-तीन खुणा ताडून पाहतात. येथें दोन तऱ्हेच्या चुका संभवतात. एका यंत्राचीं दोन पानें झालीं, तर मोजणी फुगते. दोन यंत्रांचें एक पान झालें, तर एकावर बसविलेली दुरुस्ती दुसऱ्याच्या नांवावर पडते, आणि दुसरें यंत्र दुरुस्त झालें असें समजून सर्व जण निश्चिंत राहतात. ही दुसरी चूक अधिक भयंकर.

पालकवर्गास हा प्रकार अपरिचित नाहीं. शासनाच्या विद्यार्थी-नोंदणींत मुलाचें नांव आधारपत्राशीं ताडून पाहतात. शाळेंतील नांवांत व त्या पत्रावरील नांवांत एका अक्षराचा किंवा जन्मतारखेचा फरक असला, कीं रोज पहिल्या बाकावर बसणारें मूल पडताळणींत अडतें. मूल तेंच, वह्या दोन, आणि खूण जुळत नाहीं. प्रवेशाच्या वेळीं नांव व तारीख यांविषयीं शाळा इतका आग्रह कां धरते, याचें कारण हेंच होय.

तिसरा नियम: भाषा व मोजमापें जुळवून घ्यावीं. ०४-०७-२०२५ ही तारीख आपल्याकडे ४ जुलै होते, अमेरिकेंत ७ एप्रिल. एका यादींत 'चालू' लिहिलेलें असतें, दुसरींत 'वापरांत', तिसरींत नुसता १ हा आंकडा. माहिती आणण्यापूर्वीं, कोणत्या रकान्यांतील कोणता शब्द आपल्या कोणत्या शब्दाबरोबर समजावा, याचें कोष्टक करून ठेवावें.

चौथा नियम: आलेली खबर एकदम मूळ पानावर चढवूं नये. या बाबतींत आपल्या महसूल खात्याची रीत पाहण्यासारखी आहे. जमिनीचें खरेदीखत दुय्यम निबंधकांच्या कचेरींत नोंदलें जातें. सातबारा मात्र महसूल खात्याच्या दप्तरांत असतो. पूर्वीं एका कचेरीची वर्दी दुसरीस कागदानें जात असे. आतां ई-फेरफार पद्धतींत ती संगणकानें पोंचते. तथापि वर्दी पोंचली म्हणून सातबारा त्याच क्षणीं बदलत नाहीं. प्रथम फेरफाराची नोंद धरतात, संबंधितांस नोटीस देतात, कोणाची हरकत आहे काय तें पाहतात, आणि नोंद प्रमाणित झाल्यावरच ती फेरफार क्रमांकासह सातबाऱ्यावर येते. मूळ नोंदवहीचे जाणते चालकही असेंच करितात. बाहेरची माहिती प्रथम एका बाजूच्या वहींत उतरवितात, नियमांस उतरते काय तें तपासतात, आणि मग मूळ पानावर घेतात. प्रत्येक बदल कोठून व केव्हां आला, हेंही लिहून ठेवतात.

पांचवा नियम: न दिसणें आणि नसणें या दोहोंची गल्लत करूं नये. मुलगा चार दिवस गैरहजर दिसला म्हणून शिक्षक त्याचें नांव पटावरून काढीत नाहींत. त्याचप्रमाणें शोधक प्रोग्रॅमला एखादें यंत्र दिसलें नाहीं, तर तें बंद असेल, कपाटांत असेल, किंवा शोधकाजवळ तेथें जाण्याची परवानगी नसेल. म्हणून पान न फाडतां 'शेवटचें केव्हां दिसलें' ही तारीख लिहावी व चौकशी करावी. खरें पाहतां याद्यांमधील तफावत हाच या उद्योगाचा मोठा लाभ आहे. जें विकत घेतलें पण कोठेंच दिसत नाहीं, तें हरवलें असेल. जें दिसतें पण कोणी विकत घेतलेलें नाहीं, तें कोणी आणून जोडलें? हे दोन्ही प्रश्न एकच यादी पाहून कधींच सुचत नाहींत.

सहावा नियम: अधिकार बेताचा द्यावा. दुसऱ्याची वही वाचावयाची असेल, तर वाचण्यापुरतीच परवानगी घ्यावी. लिहिण्याची घेऊं नये. शिवाय ज्या वहींत सर्व यंत्रांची व त्यांच्या संबंधांची हकीकत एकत्र आहे, ती चोराच्या हातीं पडली तर त्याला घराचा नकाशाच मिळाला असें होईल. सबब तिचें रक्षण इतर वह्यांपेक्षां अधिक काळजीनें केलें पाहिजे.

या नियमांचें महत्त्व दिवसेंदिवस वाढतच आहे. डिसेंबर २०२१ मध्यें 'लॉगफोरजे' नांवाच्या एका लहानशा सॉफ्टवेअरमध्यें मोठा दोष निघाला. तें सॉफ्टवेअर अनेक प्रोग्रॅमांच्या पोटांत दडलेलें असे, त्यामुळें आपल्याकडे तें आहे कीं नाहीं हें जगभरच्या पुष्कळ संस्थांस चटकन सांगतां येईना. तेव्हांपासून प्रोग्रॅम विकणारानें त्यांतील भागांची यादी बरोबर द्यावी, या मागणीस जोर आला. औषधाच्या बाटलीवर घटक छापलेले असतात, तसेंच हें. ही यादीसुद्धां मूळ नोंदवहीस जोडण्याजोगी आणखी एक बाहेरची वही झाली.

अभ्यासासाठीं

ज्यांना हें करून पाहावयाचें असेल त्यांना बँकेची किंवा इस्पितळाची गरज नाहीं. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आपल्या संगणक-खोलीपुरती मूळ नोंदवही तयार करावी. त्यासाठीं तीन बाहेरच्या वह्या घ्याव्या: डेड स्टॉक रजिस्टर, दुरुस्तीचीं बिलें, आणि तुम्हीं स्वतः खोलींत फिरून केलेली यादी.

१. प्रत्येक संगणकाच्या पाठीवरील अनुक्रमांक लिहून घ्या. टेबलाचा क्रमांक ही ओळख कां पुरत नाहीं, तें दोन वाक्यांत लिहा.

२. तिन्ही वह्यांतील माहितीची एक सारणी करा. आणि किंमत, बिघाड व सध्याची जागा यांपैकीं कोणत्या गोष्टीस कोणती वही प्रमाण मानावी, तें ठरवा.

३. रजिस्टरांत आहे पण खोलींत नाहीं, आणि खोलींत आहे पण रजिस्टरांत नाहीं, अशा दोन याद्या करा. कोणावर दोषारोप न करतां प्रत्येक तफावतीचें संभाव्य कारण लिहा.

४. एक संगणक बंद पडला तर कोणत्या वर्गाचा कोणता तास अडेल, हें प्रत्येक पानावर लिहा.

५. प्रत्येक पानावर जबाबदार व्यक्तीचा हुद्दा व नोंद ताडून पाहिल्याची तारीख लिहा. तीन महिन्यांनीं तीच वही पुन्हा घेऊन खोलींत जा, आणि किती पानें अद्याप खरीं आहेत तें मोजा.

पांचव्या प्रश्नाचें उत्तर घरीं बसून लिहितां येणार नाहीं. त्यासाठीं तीन महिने थांबावें लागेल आणि वही घेऊन पुन्हा उठावें लागेल. जें पान खोटें ठरेल, त्याची खबर कोणत्या वहींतून यावयास हवी होती व ती कोठें अडली, एवढें शोधून काढलें म्हणजे या धड्याचा मुख्य भाग तुम्हांस आला असें समजावें.